आयसमकाकाची साक्ष

दक्षिण कॅरोलायनातल्या आमच्या भातखाचरांच्या मुलखात नदी ओलांडायच्या वाटा दोनच, एक पूल आणि दुसरा आयसम टार्लटनचा तराफा. आयसमकाका गुलामीत जन्मला, चाळिशीत मोकळा झाला. मोकळा झाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते हा तराफा बांधायचं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

१८७६च्या नोव्हेंबरात अध्यक्षाची निवडणूक होती. आदल्या दुपारी जमीनदार पेटवे घोड्यावरून धक्क्यावर आला.

"आयसम, उद्या तुझा तराफा मोडलाय."

"नाही साहेब, ठणठणीत आहे."

"मी सांगतोय, मोडलाय."

"मग उजाडायच्या आत दुरुस्त करतो, साहेब."

पेटवे गेल्यावर डायसीकाकू दारात आली. "जीभ आवरत नाही का तुम्हाला? घर जाळतील आपलं."

"घाबरलीस?"

"घाबरले तर! पण जाऊ नका म्हटलं का मी?"

सकाळी आम्हा काळ्यांना मतदानापासून अडवायला पुलावर गोरे बंदुकवाले उभे राहिले. आमची माणसं तराफ्याकडे वळली, त्यांत माझा नवरा सायलसही होता. दिवसभर दोर ओढून काकाचे तळहात सोलून निघाले. शेवटच्या खेपेनंतर त्याने तराफा काठाला बांधला आणि स्वतःचं मत टाकून आला.

निकाल लागेना. तीन राज्यांची मतं वादात अडकली, त्यांतलं एक आमचं. चौकशीला वॉशिंग्टनहून समिती आली. कचेरीत काका साक्षीला उभा राहिला; मी डायसीकाकू आणि सायलसच्या मधे मागच्या बाकावर बसले होते.

पेटवेच्या बाजूचा वकील उठला. "किती माणसं नेलीस?"

"एकशे त्रेचाळीस."

"अक्षर येत नाही, आणि आकडा बरा येतो!"

"सगळे शेजारीच, साहेब. नावानिशी पाठ आहेत."

"मग सांग नावं."

पहिल्या बाकावर पेटवे पेन्सिल सरसावून बसला होता. त्या माणसांपैकी बहुतेक जण त्याच्याच जमिनीवर राबायचे. नाव निघालं की घर सुटलंच. मी सायलसचा हात घट्ट धरला.

"नाही सांगत," आयसमकाका म्हणाला.

"म्हणजे साक्ष खोटी धरायची?"

"तुमची मर्जी. एक नाव लिहून घ्या, आयसम टार्लटन. मी मत दिलं. कुणाला दिलं तेही विचारा, सांगतो."

कारकुनाने एकशे त्रेचाळीस माणसांच्या ओळींवर काट मारली. काका खाली उतरला. डायसीकाकूच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडला. रस्त्यात तो एवढंच म्हणाला, "सगळी नावं अगदी ओठांवर आली होती गं."

मार्चमध्ये आमच्याच बाजूचा माणूस अध्यक्ष झाला, राज्यांच्या प्रतिनिधींच्या अवघ्या एका मताच्या फरकाने. आम्ही चर्चची घंटा वाजवली. एप्रिलमध्ये त्याच अध्यक्षाने आमच्या राखणीला राजधानीत ठेवलेले सैनिक काढून घेतले. त्याच आठवड्यात तराफा जळाला. कुणी जाळला, हे कुणी विचारलं नाही.

सायलस आणि आणखी काही जण काकाकडे गेले. "लाकूड आम्ही आणतो, नवा बांधू."

"नको रे पोरांनो. तो परत जाळतील, आणि या खेपेला तुमचे चेहरेही बघून ठेवतील."

सायलस घरी येऊन रडला. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. आयसमकाका खाडीत कालवं काढायला जाऊ लागला.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक आली. मतपेटी अकरा मैलांवर हलवली होती. तो चालत गेला आणि दिवस कलता परतला. मी तेव्हा त्यांच्या ओसरीवर भेंडी चिरत होते.

"घेतलं का मत?" डायसीकाकूने विचारलं.

"घेतलं."

"मोजतील?"

तो पायरीवर बसून बूट काढत होता. "पेटीत पडलेलं पाहिलं. पुढचं काही मला दिसलं नाही," म्हणाला.