तीन रेघा

मल्लप्पाअण्णा गेल्याचं मला पेट्रोल पंपावर कळलं. रविवारची सकाळ होती. मैनेच्या, म्हणजे माझ्या जुन्या गाडीच्या, चाकात हवा भरता भरता तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, “अण्णा गेले की वो. परवा माती झाली. तुमास्नी कुणी सांगितलं न्हाई?” कुणी सांगितलं नव्हतं. आवर्जून सांगावं असं आमचं नातं उरलंच नव्हतं… दुःख झालं, नाही असं नाही, पण ते मागाहून. त्या क्षणी मनात पहिल्यांदा जे आलं ते इतकंच की, सुटलो. या विचाराची लाज मला पंपावरून घरी येईपर्यंतच्या रस्त्यात वाटू लागली आणि आज पाच आठवडे झाले तरी ती कमी झालेली नाही.

अण्णांची ओळख सोलापुरात फार लोकांना नसेल. गिरणीत ते टर्नर होते. निवृत्त झाल्यावर भंगारातला एक लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, घेऊन बाळीवेशीतल्या घरासमोर पत्र्याची शेड टाकून बसले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात बिनबाह्यांचा बनियन, कानावर खडूचा तुकडा. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि लेथ अडला की त्याच्याशीही कानडीच.

आम्ही पाचसहाजण जुन्या मोटारींच्या नादी लागलेले. मी विमा कचेरीतला नोकरदार. वडील वकील होते. त्यांच्यामागे त्यांची विलायती गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. बहात्तरच्या दुष्काळात लोक पाण्यासाठी हंडे घेऊन फिरत असताना मी त्या गाडीचा गंज घासत बसलेला असे, म्हणून बायकोने आणि शेजाऱ्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथे सांगत नाही. आमच्यात म्होरके डॉक्टर. सात रस्त्याजवळच्या त्यांच्या दवाखान्यामागे मोठी शेड होती, तिथे रविवारी सकाळी सगळे जमत. गाडीला कंपनीच्या नावाने हाक मारायची नाही असा आमचा नियम होता. डॉक्टरांची सुंदरा, माझी मैना. पुढे पेट्रोल महागलं तेव्हा लोक म्हणायचे, यांच्या बायका चालत बाजारात जातात आणि सवती पेट्रोल पितात.

अशा गाड्यांचे सुटे भाग मिळत नसत. परदेशातून मागवायची सोय नव्हती. मग अण्णा ते बनवत. मोडका भाग हातात घेऊन उलटासुलटा बघत, त्याचा वास घेत (खोटं सांगत नाही, वास घेत) आणि म्हणत, “हुईल. पर घाई करायची न्हाय.” मग गिरणीच्या भंगारातून एखादं मागाचं चाक, एखादा दांडा हुडकून आणत आणि त्यातून नवा भाग घडवत. रविवारी येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून आणत. डॉक्टरांच्या बशीत चटणी वाढताना हमखास म्हणत, “डाक्टर, ह्ये औषध तुमच्या दवाखान्यात न्हाय.”

त्यांची एक रीत होती आणि माझी सगळी गोष्ट त्या रीतीची आहे. आपण बनवलेल्या प्रत्येक भागावर ते छन्नीने तीन आडव्या रेघा मारत, कपाळावरच्या भस्मासारख्या. मला आधी वाटलं, ही त्यांची सही. तसं म्हटल्यावर ते हसले. “सही कशाला? मी काय कलेक्टर हाय? आवो, आपलं ह्ये बीड. ओतीव लोखंड. कंपनीचं पोलाद दणका सोसतंय, बीड तडकतंय. फुडं कुणी ह्ये खोललं तर त्येला कळाया नगं, की हितं हात हलका ठेवायचा?” मोहोळपासून अक्कलकोटपर्यंतचे मिस्त्री ही खूण ओळखत. जिथे तीन रेघा तिथे नट बेताने आवळायचे. कुणी कुणाला तोंडी सांगावं लागत नसे.

मैनेच्या डाव्या पुढच्या चाकाचा हब, म्हणजे मधली लोखंडी तबकडी जिच्यावर चाक नटांनी बसवतात, ती तडकलेली होती. अण्णांनी दोन महिने खपून नवी केली. तेवढ्या दिवसांत त्यांनी मला कानस धरायला शिकवलं. माझी मनगटं धरून म्हणाले, “कानस ढकलायची, वडायची न्हाय. वडली की ती रडती.” नोकरदाराच्या हाताला हे येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आलं तेव्हा त्यांनी शेडमध्ये सगळ्यांना माझं काम दाखवलं. उभ्या आयुष्यात इतकं कौतुक माझं कुणी केलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुण्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. जितके भाग मूळचे, तितके गुण जास्त. कुणीतरी म्हणालं, परीक्षक चाकांची झाकणंसुद्धा काढून बघतात. आदल्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना, मी मैनेच्या डाव्या चाकाचं झाकण काढलं. तीन रेघा चमकत होत्या. मी कानस घेतली. ढकलली, ओढली नाही. मग पॉलिश कागद मारला आणि जळकं तेल चोळून जागा काळी केली. दहा मिनिटांचं काम. मनाशी म्हटलं, परत आल्यावर छन्नीने पुन्हा मारू…

परीक्षकांनी ते झाकण काढलंच नाही. मैनेला पहिला चषक मिळाला. परतलो तेव्हा अण्णा हार घेऊन शेडच्या दारात उभे होते. माझ्या नाही, मैनेच्या गळ्यात घालायला. रेघा मी पुन्हा मारल्या नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा प्रदर्शन होतं.

आमच्यात गाड्या एकमेकांना द्यायची पद्धत होती. उन्हाळ्यात डॉक्टरांना पुतणीच्या साखरपुड्यासाठी टेंभुर्णीला जायचं होतं आणि सुंदरा खोललेली होती. मी मैनेची किल्ली दिली. देताना रेघांची आठवण झाली का? झाली. आज इतक्या दिवसांनी ‘नाही’ असं लिहिता आलं असतं, पण झाली. आणि वाटलं, एवढ्याशा प्रवासात चाक कोण खोलतंय?

परतताना मोहोळजवळ तेच चाक पंक्चर झालं. मोहोळच्या हुसेनमिस्त्रीने ते बदललं. डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, लिंबाखाली चहा पीत बसले होते. हुसेन अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. नंतर तो शपथेवर सांगत होता, “मैं हात फिराके देख्या डाक्टरसाब, लकीरां नइं थे.” रेघा नाहीत म्हणजे कंपनीचं पोलाद. त्याने अंगचा जोर लावून नट आवळले. दहाबारा मैलांवर हब फुटला, चाक निघून शेतात गेलं आणि मैना खड्ड्यात उतरली. डॉक्टरांना खरचटलं. वहिनींचा उजवा हात कोपरातून मोडला. तो सांधला, पण पुन्हा सरळ झाला नाही. आजही त्या पोळी डाव्या हाताने लाटतात.

पुढच्या रविवारी फुटलेल्या हबचे तुकडे शेडमध्ये गोणपाटावर मांडले होते. कुणी भाकरीला हात लावला नाही. डॉक्टर ओरडले नाहीत. फक्त विचारलं, “मल्लप्पा, यावर खूण का नव्हती?”

अण्णांनी चष्मा लावला. एकेक तुकडा उचलून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता कळणार. त्यांना कानशीचा माग लागेल, ते मान वर करून माझ्याकडे बघतील… त्यांनी बघितलंही. क्षणभरच. मग तुकडा खाली ठेवला.

“हुसेन खोटं बोलायचा न्हाय,” ते म्हणाले. “माझ्याच हातनं राहिल्या असतील. चुकलं माजं.”

 मला तोंडातून एक वाक्य काढायचं होतं. ओढून आणलेल्या मैनेवर टेकून, हाताची घडी घालून, सगळ्यांसारखा मीही अण्णांकडे बघत राहिलो. कुणीतरी म्हणालं, वय झालं आता अण्णांचं. त्यावर मी मान हलवली. होय, मी मान हलवली.

अण्णा रविवारी यायचे थांबले. मिस्त्री लोकांमध्ये बोभाटा झाला की अण्णाच्या मालावर रेघ असेलच असं नाही, आणि मग ज्या खुणेवर सगळे विसंबत तिचाच भरवसा गेला. कामं हळूहळू आटली. तीनचार महिन्यांनी ते एकदा सायकलवरून माझ्या घरी आले. पोत्यात गुंडाळलेला नवा हब. मी सांगितलेला नव्हता. पैसे घेतले नाहीत. त्यावरच्या तीन रेघा जवळजवळ नखभर खोल होत्या. “ह्या बारीला खोल घेतल्यात,” एवढंच म्हणाले आणि पाणीसुद्धा न घेता गेले.

मला वाटलं, यांना सगळं माहीत आहे. त्या दिवशी शेडमध्येच कळलं होतं, आणि आता या रेघांनी ते मला सुनावून गेले. विचित्र वाटेल, पण या समजुतीचा मला आधारच झाला. ते जाणून आहेत, त्यांनी पोटात घातलं आहे, मग बोलायचं काय राहिलं? असं म्हणत मी चार वर्षं काढली. बाळीवेशीतून जायची वेळ आली की दुसऱ्या रस्त्याने जात असे.

पंपावर कळलं त्याच दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. लेथवर जुनी चादर घातली होती. त्यांची पत्नी गंगाक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला ओळखून म्हणाल्या, “मैनावालं न्हवं तुमी? लई आठवन काढायचे तुमची. म्हनायचे, सायबाचा हात चांगला हाय कानशीवर.” मग आपल्याच नादात सांगत गेल्या. त्या हबचं अण्णांनी फार मनाला लावून घेतलं होतं. जेवता जेवता हात थांबायचा आणि विचारायचे, रेघा मी कशा इसरलो गं? चाळीस वर्षांत एकदाबी न्हाय, आन् त्याच दिशी कशा इसरलो? स्वतःच्या हातावरचा त्यांचा विश्वास उडाला. पुढे जे काही बनवलं त्यावर रेघा खोल घ्यायचे आणि तेवढ्यावर न थांबता अक्कांना शेडमध्ये बोलवायचे. बोट फिरवून मोजायला लावायचे. “मी मोजायची, ओंदु, एरडु, मूरु. तीन भरल्या की मगच माल भाईर.”

म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. माझी कानस इतकी सफाईने चालली होती की त्यांच्या अंगठ्यालाही माग लागला नाही. ती सफाई त्यांनीच दिलेली. शेडमध्ये त्यांनी माझ्याकडे बघितलं ते जाब विचारायला नव्हे, आपल्या शिष्यासमोर आपली चूक निघाली म्हणून… चार वर्षं ते माझा गुन्हा स्वतःचा समजून जगले आणि तसेच गेले.

त्या संध्याकाळी मी अक्कांना काही सांगू शकलो नाही. चहा पिऊन उठलो. तीन आठवडे तसेच गेले. मग आधी डॉक्टरांकडे गेलो. सगळं ऐकून ते बराच वेळ स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, “वसंता, माझ्याकडे कशाला आलास? चार वर्षं बाळीवेस काय लांब होती?” आत वहिनी होत्या. त्यांनी ऐकलं असावं. बाहेर आल्या नाहीत. हुसेनला मोहोळला जाऊन सांगितलं. तो हातातलं काम करत राहिला.

शेवटी पुन्हा अक्कांकडे गेलो. उभ्यानेच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एकच विचारलं.

“मंजी त्येंनी रेघा मारल्या हुत्या?”

“हो अक्का. मारल्या होत्या.”

“तिनी?”

“तिन्ही.”

त्या उठल्या. भिंतीवर अण्णांचा फोटो होता, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि घरातल्या माणसाला स्वयंपाकघरातून हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाल्या, “केळिद्रेन्री? नीव् मर्तिद्दिल्ला.” थोडंफार कानडी मलाही कळतं. ऐकलंत का? तुम्ही विसरला नव्हता. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच त्या म्हणाल्या, “आता जावा तुमी.” मी निघालो.

हे छापायला देण्याआधी मी कुणाची परवानगी घेतली नाही. मोहोळ ते अक्कलकोटच्या ज्या मिस्त्रींपर्यंत हे पोचेल त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ज्यावर रेघा आहेत तो माल अण्णांचा, आणि त्यांनी एकही माल रेघांशिवाय कधी दिलेला नाही. त्यांची खूण खरी होती.

रविवारी आता मी शेडमध्ये जात नाही. घरीच अंगणात बसून मैनेच्या डाव्या चाकाचं झाकण काढतो. रेघांमध्ये ग्रीस आणि धूळ साचते, ती फडक्याच्या टोकाने काढतो आणि अंगठा फिरवून मोजतो. अंगठ्याचं नख आत बुडेल इतक्या त्या खोल आहेत. आधीच्या हबवरच्या रेघा याच्या निम्म्यानेही खोल नव्हत्या. आणि तेवढ्या पुरेशा होत्या.