अर्ध्या कोयत्याची कविता

"आता पोट धरून हसायची तयारी ठेवा!" असं म्हणून सूत्रसंचालक मुलानं माझं नाव पुकारलं.

मी स्टेजवर गेले. वाटलं, तो आधीच्या कुणाबद्दल तरी बोलला असेल. समोर सगळं कॉलेज. पहिल्या रांगेत आमचे मराठीचे सर. मी माइकचा दांडा धरला आणि वाचायला लागले.

माय माजी अर्धा कोयता
मुकादम म्हन्तो, यायचं तर ये
बाप गेलता तवा
रडाया येळ न्हवता
गाडी भरायची ऱ्हायलती

पहिल्याच ओळीला मागून आवाज आला, "कोयता आला बे, पळा!" हशा झाला. 'बाप गेलता' म्हटल्यावर तर सगळा हॉल हसला. शिट्ट्या. बाकं वाजली. मी सरांकडे पाहिलं. सर चष्मा काढून डोळे पुसत होते. हसून हसून.

कविता कशीबशी संपवली आणि खाली आले. मला पहिला नंबर मिळाला. विनोदी कवितेत.

मी कविता दिली होती गंभीर विभागात. पण आमच्या स्नेहसंमेलनात एक रीत आहे. गावाकडच्या बोलीतली कविता आली, की ती विनोदी विभागात टाकायची. वाचायचीसुद्धा गरज नाही. कुणी मुद्दाम माझा अपमान करायला बसलं नव्हतं. दरवर्षी असंच करतात. हे मला नंतर कळलं, आणि मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. माझा बाप उसाच्या फडातच गेला. छातीत कळ आली, मोळीवर टेकला, तो उठलाच नाही. ट्रॅक्टर उभा होता. मुकादम मायला म्हणाला, आधी गाडी भरून द्या. मायनं भरून दिली. त्या दिवसापासून ती अर्धा कोयता. आता मामासोबत जाते, तेव्हा कुठं पूर्ण होते.

हे मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. लिंबागणेशच्या पुढं आमचं गाव. तिथून बीडला आले तेव्हा वर्गात तोंड उघडायला भीती वाटायची. एक वाक्य बोलायचं तर आधी मनात दोनदा धुऊन घ्यायचे. 'न्हाई' निघू नये, 'लई' निघू नये. कवितासुद्धा तशाच लिहायचे. नभ, अश्रू, वेदना. आमच्या घरात कुणीच न बोललेले शब्द.

मग सरांनी एकदा एका परदेशी कवीवर तास घेतला. जर्मनीच्या एका डोंगराळ कोपऱ्यात आलेमानी नावाची बोली बोलतात, तिथला तो. लाकूड कापणाऱ्याचा मुलगा. शिकून शहरात मास्तर झाला. तिथली माणसं त्याच्या बोलण्याला हसायची. गुरांवर ओरडायची भाषा, म्हणायची. त्यानं त्याच भाषेत कविता लिहिल्या. आईवर, गावच्या ओढ्यावर, मेलेल्या भावावर. आज त्याच्या गावात शाळेतली मुलं त्या पाठ म्हणतात. सर डोळे मिटून सांगत होते, "काय माणूस! ज्या बोलीत आईनं हाक मारली, त्याच बोलीत रडला तो."

मी तिसऱ्या बाकावर होते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे हे चालतं? हे लिहायची परवानगी आहे? त्याच संध्याकाळी हॉस्टेलवर मी आमच्या बोलीतली पहिली कविता लिहिली. तीच ही.

स्नेहसंमेलनानंतर सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. खूश होते.

"अगं, काय धमाल उडवलीस! युवक महोत्सवाला पाठवू या तुला. लुगडं नेस, हातात कोयता घे. आणि ते 'गेलता' जरा लांबव. गेऽऽलता. हॉल पडेल."

मी म्हटलं, "सर, ती विनोदी नाही. माझे वडील गेले, त्या दिवसाची आहे."

 सरांना वाईट वाटलं, हे खरं आहे. मग म्हणाले, "अरेरे. मग तसं शुद्ध भाषेत लिहायचं ना बाळ. अशा भाषेत दुःख कसं पोचणार लोकांना?"

"त्या आलेमानी कवीचं तुम्हाला पोचलं होतं, सर."

"त्याची गोष्ट वेगळी." सर हसले. "तो मोठा कवी होता गं."

 सर समजावत राहिले. शुद्ध करून दे, मी स्वतः गंभीर विभागात नाव घालतो. तुमच्या घरातली तू पहिली शिकणारी, अशी संधी सोडू नये. मला जायचं होतं महोत्सवाला. खूप जायचं होतं. कविता बदलायला अर्धा तास पुरला असता.

"न्हाई सर," मी म्हणाले. त्या खोलीत पहिल्यांदाच ते तोंडातून निघालं आणि मी ते परत घेतलं नाही. "मी बदलणार न्हाई. अन् लुगडं नेसून हसवणार बी न्हाई."

पहिल्या नंबरचं प्रमाणपत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले. 

रात्री मायला फोन लावला. ती कारखान्याच्या तळावर होती, मागं बैलांच्या घंटा वाजत होत्या. मी म्हटलं, "माय, तुझ्यावर कविता केली."

"माज्यावर? कावून? दुसरं कोन घावलं न्हाई का?"

मी वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "हे लोकात वाचलंस?"

"हा."

"काय म्हन्ले?"

"हसले."

"तुजा बाप गेलता तवा मुकादम बी हसलता," माय म्हणाली. "मी खाली मान घालून गाडी भरली. तू काय केलंस?"

मी तिला खरं सांगितलं. तिथं स्टेजवर मीही मान खाली घालूनच उतरले.

"मंग आता?" तिनं विचारलं.

आता मराठी भाषा दिनाला कॉलेजात पुन्हा कवितावाचन आहे. मी नाव दिलंय. विभागाच्या रकान्यात मी स्वतः 'गंभीर' लिहिलं आणि खाली रेघ ओढली. कविता हीच आहे, एक अक्षर बदललेलं नाही. हसले तर मी थांबणार. त्यांच्याकडे बघत उभी राहणार. हसणं संपलं, की 'बाप गेलता' ती ओळ पुन्हा वाचणार. पुन्हा हसले, तर पुन्हा. माइक बंद केला तर बिनामाइकची वाचणार. फडात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारणाऱ्यांची मी मुलगी आहे. माझा आवाज पोचतो.