तांब्याची पट्टी

तांब्याची पट्टी जिभेवरून फिरते, तेव्हा तिचा आवाज फार बारीक असतो. पण अकोल्याच्या आमच्या घरात तो मला भिंतीपलीकडून ऐकू येई. मोरीत माझी थोरली जाऊ जीभ खरवडत असे. एकदा, दोनदा; मग थांबून, धीर गोळा करून, तिसऱ्यांदा.

सासूबाईंचा नेम होता: सुनांनी सकाळी जीभ दाखवावी, मगच चुलीला हात लावावा. नेम सुनांपुरताच. मामंजी तंबाखूचा बार भरून ओसरीवर बसत. त्यांची जीभ जुन्या कातासारखी काळपट. ती पाहण्याचे धाडस कोणी केले नाही. त्याच तोंडाने ते पोथी वाचत आणि आम्ही हात जोडून ऐकत असू.

एका वर्षी पावसाळा सरताना हिवतापाने जावेला पंधरा दिवस झोपवले. ताप उतरला, पण जिभेवर पांढरा थर राहिला.

"कावून वं, आज बी पांढरीच? घासली नाई का?" सासूबाई रोज विचारत.

"घासली, आत्याबाई. दोन डाव घासली."

"मंग अजून घास. अशा तोंडानं माह्या चुलीजवळ येऊ नोको."

ती पुन्हा मोरीत जाई. पाण्याबरोबर रक्ताचा धागा वाहत जाताना मी पाहिला. पाणी ओतणारा हात माझाच होता, याचा संताप अजून शमलेला नाही. एका दुपारी तिने भाकरीचा घास ताटात परत ठेवला.

"काईच चव लागत नाई वं. माती खाऊन रायली असं वाटते."

दिवाळीला मी माहेरी अमरावतीला निघाले, तेव्हा सासूबाईंना प्रथमच स्पष्ट सांगितले, "जाऊबाईंले घेऊन जाईन, नाईतर मी बी जात नाई."

"ने बाप्पा," त्या म्हणाल्या. "चांगली घासून आन."

अमरावतीच्या जनाना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जावेची जीभ उजेडाकडे वळवली.

"हे कोणी केलं?"

मी तापाची आणि पट्टीची सगळी हकीकत सांगितली.

"अहो, तो थर तापाचा होता. अन्न जाऊ लागलं की आपोआप उतरला असता. जीभ साफ करावी, पण हलक्या हातानं. हा काय तळाला लागलेला भात आहे?" मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगून त्यांनी पट्टी महिनाभर बंद केली.

दुखण्याला घाण म्हणायचे, आणि ती घाण दुखणाऱ्या बाईकडूनच रक्त येईतो काढवून घ्यायची! राजापेठेतल्या माहेरच्या घरी मी तिला ठेवून घेतले. पुढे सासूबाईंचे बोलावणे दोनदा आले. दोन्ही वेळा मी नकार कळवला.

तिसऱ्या आठवड्यात आईने ज्वारीच्या कण्या घालून अंबाडीची भाजी केली. जावेने घास घेतला, तोंडात हळूच फिरवला आणि डोळे गच्च मिटले. जखम झोंबली असेल, म्हणून मी पाण्याचा गडू पुढे केला. तिने तो हातानेच मागे सारला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली,

"आंबट."