मेहुण्याच्या नाकाची हमी

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या मेहुण्याच्या नाकाइतकं कर्तबगार नाक अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरं नाही. माणूस झेंडू पिकवतो आणि त्याला अ‍ॅलर्जीही झेंडूचीच! दसऱ्याला शहरभर त्याची फुलं मिरवायची, तेव्हा हा बांधावर नाक धरून. बाजारात बोली सुरू होताना व्यापारी हात जोडायचे, "आबा, शकुनाच्या वेळेला तेवढं रस्त्यापलीकडं उभं राहा." डोळ्यांना तर बारमाही धार. वडील गेले तेव्हा बिचारा खरोखर रडला, तरी लोक म्हणाले, "हार लांब ठेवा रे त्याच्यापासून."

माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभा राहिला आणि मंगलाष्टकांत सात वेळा शिंकला. गुरुजी प्रत्येक शिंकेला कडवं पहिल्यापासून घ्यायचे. मुहूर्त टळला. त्या दिवशी मंडपामागे माझा हात धरून म्हणाला, "दाजी, धाकटीच्या लग्नात नाय शिंकणार. शब्द हाय."

मग तीन वर्षं गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, एकही खाडा नाही. इंजेक्शननंतर अर्धा तास बसवून ठेवत, तेवढ्यात हा नव्या पेशंटांना डॉक्टरांपेक्षा जास्त समजावून सांगे. शिंका गेल्या, कोर्स संपला. "आता हे किती दिवस टिकंल?" यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कोर्स पूर्ण केलात, बऱ्याच जणांना पुढं काही वर्षं फायदा राहतो. पण कायमची हमी मी देणार नाही."

ती हमी मग यानं स्वतःच घेतली. रोज सकाळी पारावर झेंडू हुंगायचा आणि गावाला जाहीर करायचा, "टिकलंय!" आता बाजारात पहिली बोली व्यापारी त्याच्याच ढिगाला लावतात. इंजेक्शनं थांबून चौथं वर्ष लागलं, आणि धाकटीचं लग्न ठरलं.

मंडपाला झेंडू त्याच्याच मळ्यातला, हट्टानं. अंतरपाट धरला, मामा नवरीमागे. तिसऱ्या मंगलाष्टकाला त्याचं नाक लाल झालं, डोळे भरले, ओठ थरथरले. बायकोनं माझा दंड आवळला. जुनेच गुरुजी ते. जागच्या जागी थांबले. अक्षतांच्या मुठी हवेतच राहिल्या. लहानपणापासून त्याच्या खांद्यावर वाढलेली पोर मान वळवून बघू लागली.

आणि भरल्या मंडपात तो घोगऱ्या आवाजात ओरडला, "शिंक नाय ओ गुरुजी, रडतोय मी!"