मामांच्या पदकांचा अर्ज

लग्न होऊन मी नाशिक रोडच्या कॉलनीत आले तेव्हा माझ्या सासऱ्यांना सैन्यातून सुटून तीस वर्षं उलटून गेली होती. मी त्यांना मामा म्हणायची. सैन्यानंतर ते एका शाळेत शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. त्यामुळे कॉलनीतली निम्मी माणसं त्यांना घंटेवाले काका म्हणूनच ओळखायची. महायुद्धात ते ब्रह्मदेशात होते हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी समजलं, तेही एका खुर्चीच्या भानगडीमुळे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी सव्वीस जानेवारीला कॉलनीच्या कमिटीनं माजी सैनिकांसाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. मामा इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि पुढं जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीत आमच्याच ओळीतले एक रिटायर हवालदार होते, कोटावर तीन पदकं लावून. थोड्या वेळानं कमिटीचे सेक्रेटरी आले आणि मामांच्या कानाशी वाकून म्हणाले, "काका, इथं मेडलवाले बसणारेत." मामा उठले आणि मागं बायकांच्या बाजूला, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

बोलले ते जेवताना. "त्या हवालदारानं अख्खी लढाई देवळालीच्या गोदामात काढली. घोंगड्या मोजल्या त्यानं."

"आणि तुम्ही?" माझ्या सासूबाईंनी विचारलं. त्यांना मी आत्या म्हणायची.

"मी ब्रह्मदेशात होतो."

"होतात ना. मग मेडल कुठाय?"

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. उठून पत्र्याच्या पेटीतून सैन्यातून सुटल्याचा कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. मी इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या होत्या आणि पाटबंधाऱ्याच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडंच यायचा.

कागदाच्या इतक्या घड्या घातल्या होत्या की वरची घडी झिजून तिथं भोक पडलं होतं, आणि नेमका मामांचा नंबर त्या भोकात गेला होता. खाली पदकांचा रकाना होता. त्यात एकच इंग्रजी शब्द होता.

"काय लिहिलंय?" मामांनी विचारलं.

"नाही, असं लिहिलंय मामा."

"कुठं? ही तर साहेबाची सही आहे."

तीस वर्षं ते त्या शब्दाला साहेबाची सही समजत होते. मी पुन्हा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मग हळूहळू सगळं सांगितलं. लढाई संपली तेव्हा ते मलेरियानं दवाखान्यात पडले होते. त्यांची तुकडी मोडली, माणसं पांगली, आणि यांना भलत्याच ठिकाणच्या बाबूनं कागद लिहून दिला. त्या बाबूनं पदकांबद्दल विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

"मग आपण अर्ज करू," मी म्हणाले. बोलताना मला वाटलं होतं, एका अर्जाचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टाइप करायला म्हणून मी मामांकडून मजकूर घेतला. ते मराठीत सांगायचे आणि मी मनात इंग्रजी करायची. "लिही, माझी तुमच्याबद्दल काही तक्रार नाही. पण तुम्ही झोपा काढल्या." मी लिहिलं, नजरचुकीनं नोंद राहून गेली असावी. "लिही, चार वर्षं जळवांनी माझं रक्त प्यायलं." मी लिहिलं, अर्जदारानं खडतर सेवा बजावली. शेवटी मी नंबर विचारला.

"नंबर मला झोपेतून उठवून विचार," मामा म्हणाले आणि धडाधड आकडे बोलले.

चार महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. या नंबरचा कोणीही शिपाई आमच्या दफ्तरी नाही. मामा चिडले. त्यांनी दुसरा अर्ज करायला लावला, तोच नंबर, या खेपेला ठळक आणि अधोरेखित. त्याचंही उत्तर आलं. त्यात एक वाक्य जास्त होतं, की असा नंबर शिपायाचा असूच शकत नाही.

आत्या म्हणाल्या, "तुम्ही लढाईत होतात ना नक्की? का कुठं दुसरीकडंच जाऊन बसला होतात?"

त्यानंतर दोन दिवस मामा आत्यांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि त्यांना घेऊन नाशकात माजी सैनिकांची कामं बघणाऱ्या ऑफिसात गेले. तिथं एक रिटायर सुभेदार बसायचे. फार शांत माणूस. त्यांनी दोन्ही उत्तरं वाचली, चष्मा काढला आणि मामांना विचारलं, "काका, कुठल्या तुकडीत होतात?"

"खच्चरांच्या. डोंगरात गाडी जायची नाही, तिथं आम्ही दारूगोळा न्यायचो. प्रत्येकाला एक खच्चर."

"बरं. आणि हा नंबर कुठं लिहिलेला असायचा?"

"खुरावर," मामा म्हणाले.

सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडं पाहिलं.

"कुणाच्या खुरावर, काका?" सुभेदारांनी तितक्याच शांतपणे विचारलं.

मामा उत्तर द्यायला निघाले आणि मधेच थांबले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. त्यांनी दोन वेळा सरकारला आपल्या खच्चराच्या नंबरनं अर्ज केला होता.

येताना बसमध्ये मला हसू आवरेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत होते. द्वारका चौक मागं पडल्यावर मामा आपणहून म्हणाले, "जनावराला नाव ठेवू नका, असं आमचा जमादार सांगायचा. नाव ठेवलं की जीव लागतो म्हणून. मी तिला नंबरानंच हाक मारायचो. जीव लागायचा तो लागलाच. एका नदीत दोर हातातून सुटला आणि ती वाहून गेली. तिच्याबद्दल तीन वेळा जबानी घेतली माझी. दर वेळी नंबर सांगायला लागायचा. माझा नंबर मला कोणी एवढ्यांदा विचारलाच नाही."

माझं हसू थांबलं. पण घरी गेल्यावर आत्यांना सांगायला लागलंच, आणि आत्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या त्या पंधरा मिनिटं बाहेर आल्या नाहीत.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांदूळ मोजायचं माप होतं. म्हणजे आम्ही सगळे माप म्हणायचो ते. मुळात तो सैन्यातला जेवणाचा चपटा डबा होता, मामा येताना घेऊन आले होते. "याच्या बुडाला काहीतरी ठोकलंय," आत्या म्हणाल्या. "घासताना हाताला लागतं रोज." डबा उलटा केला तर खिळ्यानं ठोकलेले आकडे होते, घासून घासून पुसट झालेले. मामांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरे हो. हाच की."

सुभेदार म्हणाले होते, काही पुरावा असेल तर जोडा. पण डबा पाठवायला आत्या तयार होईनात. "तो गेला तर मी तांदूळ कशानं घेऊ? दुसऱ्या कुठल्याही भांड्यानं घेतले की भात फसतो." शेवटी मी डब्याच्या बुडावर पातळ कागद ठेवला, वरून पेन्सिल घासली, आकडे कागदावर उमटवले आणि तो कागद अर्जाला जोडला.

या खेपेला उत्तरात मामा सापडले. पण ब्रह्मदेशातल्या सेवेची नोंद अपुरी असल्यानं त्याच तुकडीतल्या एका साक्षीदाराचं लेखी निवेदन मागवलं होतं. मामांना एकच माणूस आठवत होता, मालेगावच्या पलीकडच्या एका खेड्यातला. तो जिवंत आहे का हेही माहीत नव्हतं. रविवारी आम्ही एसटीनं मालेगावला गेलो, तिथून दुसरी गाडी पकडली आणि विचारत विचारत त्याच्या घरापर्यंत पोचलो. अंगणात बाजेवर एक म्हातारा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. मामांनी स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तुकडी सांगितली. म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याला काही आठवेना.

मामांचा चेहरा पडला. मग नाइलाजानं त्यांनी खच्चराचा नंबर सांगितला.

म्हाताऱ्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ती माले याद शे," तो अहिराणीत म्हणाला. "तिना एक कान फाटेल व्हता. पन तू कोन शे?"

"तिला हाकणारा मीच."

म्हाताऱ्यानं मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "तो ते बारीक व्हता."

मामांनी पोट आत घेऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. मग त्यांनी जीभ टाळूला लावून एक विचित्र आवाज काढला, आधी दोन वेळा तुटक आणि मग एक लांब. तीस-पस्तीस वर्षांत तो त्यांनी घरात कधी काढला नव्हता. म्हाताऱ्यानं लगेच तसाच आवाज परत काढला. मग दोघं आळीपाळीनं काढत राहिले. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. त्यानंतर म्हाताऱ्यानं मामांचा हात जो धरला तो आम्ही शेवटच्या गाडीला निघेपर्यंत सोडला नाही. निवेदनावर सही करतानासुद्धा डाव्या हातानं धरूनच ठेवला होता.

निवेदन मी तिथंच त्याच्या तोंडून ऐकून लिहिलं होतं. सुभेदारांनी ते वाचलं आणि म्हणाले, "बाई, यात काकांपेक्षा खच्चराचीच माहिती जास्त आहे."

"त्यांना तेवढंच आठवतंय साहेब."

"असू दे. खरं बोलणारा माणूस असंच बोलतो." आणि त्यांनी शिक्का मारून ते पुढं पाठवून दिलं.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर रजिस्टरनं एक पुठ्ठ्याची पेटी आली. आत तीन पदकं होती, तीन रंगीत फिती वेगळ्या घडी करून ठेवलेल्या, आणि एक पत्र. आत्यांनी एक पदक तळहातावर घेऊन बघितलं. "एवढंसंच असतं होय," त्या म्हणाल्या आणि पदराच्या टोकानं पुसून परत ठेवलं. पत्रात, आपली नोंद दुरुस्त करण्यात आली आहे, असं एक वाक्य होतं. मामांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मी मराठीत सांगू लागले तर ते म्हणाले, "नको, इंग्रजीतच वाच."

फिती पदकांना कशा लावायच्या, कुठलं पदक आधी, कुठलं नंतर, हे काही आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलनीत ते एकाच माणसाला ठाऊक होतं. मामा दोन दिवस येरझाऱ्या घालत होते, तिसऱ्या दिवशी पेटी घेऊन हवालदारांकडं गेले. मीही सोबत होते. हवालदारांनी पदकं टेबलावर ओळीनं मांडली, सुई-दोरा मागवला आणि चष्मा नाकावर ओढून स्वतः फिती शिवायला बसले.

शिवता शिवता त्यांनी विचारलं, "ब्रह्मदेश कसा होता?"

"पाऊस फार," मामा म्हणाले.

हवालदारांनी एक टाका घातला. मग सुईकडं बघतच म्हणाले, "मी दोनदा अर्ज केला होता, मला पुढं पाठवा म्हणून. साहेब म्हणाला, तू गेलास तर घोंगड्या कोण मोजणार."

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. "मोजायला तर पाहिजेच," ते म्हणाले. "आम्हाला तिकडं रात्री घोंगडी लागायचीच की."

त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला दोघं शेजारी बसले. तेव्हापासून संध्याकाळी फिरायलाही बरोबरच जायला लागले. महिन्याभरानं एक दिवस हवालदार आपलं सैन्यातलं पुस्तक घेऊन आमच्याकडं आले. फार संकोचून त्यांनी मला एक पान दाखवलं. त्यात त्यांची उंची दोन इंचांनी कमी लिहिली होती, आणि हे शल्य भरती झाल्या दिवसापासून त्यांच्या मनात होतं.

"याचा अर्ज होईल का हो?"

मी काही म्हणायच्या आत मामांनी माझ्यापुढं कागद सरकवला. "लिही," ते म्हणाले, "आमची तुमच्याबद्दल काही तक्रार नाही."

त्या अर्जाला उत्तर कधीच आलं नाही. पण मामांनी त्या संध्याकाळी हवालदारांना आमच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि पेन्सिलीनं रेघ मारून टेपनं मोजलं. पुरे दोन इंच जास्त भरले. त्या मोजमापावर साक्षीदार म्हणून आत्यांनी सही केली.