बिनधुराचं जहाज

माझा थोरला भाऊ अण्णा नौदलात बॉयलरवर होता, आणि आमच्या अख्ख्या गल्लीत कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यामुळं त्याच्या जहाजाविषयी मी काहीही ठोकून द्यायची आणि बायका ऐकून घ्यायच्या. दोन गोष्टी मात्र खऱ्या होत्या. एकाहत्तरच्या लढाईत त्याचं जहाज, एक लढाऊ फ्रिगेट, समुद्रात होतं, आणि पुढं त्याच्यावरची तोफ उतरवून तिथं क्षेपणास्त्रं बसवली. हे सांगताना माझी मान अशी ताठ व्हायची की आई म्हणायची, मोडेल एखाद दिवशी.

नाना, म्हणजे आमचे वडील, यावर चकार शब्द काढत नसत. ते जेकार्ड मागावर चादरी विणायचे. अण्णानं तोच माग चालवावा एवढीच त्यांची इच्छा. तो सतराव्या वर्षी भरती झाला, तेव्हा हातातली कला सोडून पोरगं हमालीला गेलं, असं ते बोलून गेले. पुढं त्याच्या कामाबद्दल त्यांनी कधी विचारलंच नाही. अण्णाला ते फार लागलं होतं. पत्राच्या शेवटी हमखास असायचं, नानांनी काही विचारलं का? मी काय लिहिणार, कपाळ!

मग एकदा त्यानं जहाजाचा फोटो पाठवला. जहाजाचा वाढदिवस आहे, सोलापूरची चादर भेट द्यायचीय, असं लिहिलं होतं. नानांनी तो फोटो दोन दिवस खिशात बाळगला. तिसऱ्या दिवशी मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडून नक्षी बसवणाऱ्या नक्षीवाल्याकडं गेले आणि चादरीवर जहाजच काढायला सांगितलं. मला रडूच आलं.

फोटोतल्या चिमणीला धूर नव्हता. नानांना ते पटेना. गिरणीची चिमणी थंडावली की सोलापुरात घरोघरच्या चुली विझायच्या. पोराचं जहाज बंद कसं दाखवायचं? त्यांनी पदरचा धूर घातला, काळाभोर, पार काठापर्यंत.

अण्णा सुट्टीवर आला, चादर उलगडली, आणि त्याचा चेहराच पडला. खोदून विचारलं तेव्हा हळूच म्हणाला की ही नेता येणार नाही; चिमणीतून काळा धूर निघाला की आम्हा बॉयलरवाल्यांची अब्रू जाते. माझं डोकंच फिरलं. बापानं सात-आठ वर्षांनी हात पुढं केला, आणि हा शहाणा धूर मोजतोय, असं मी नानांच्या देखत फाडकन बोलले.

नाना रागावले नाहीत. अण्णाला मागाजवळ बसवून त्यांनी विचारलं, "मग धूर न येता आग कशी ठिवता रे?"

अण्णा सांगत सुटला. तेलाला हवा कमी पडली की काळा धूर, जास्त झाली की पांढरा. जहाजाचा वेग बदलला की हवेचं माप बदलायचं, आरशातून चिमणीवर डोळा ठेवायचा. शत्रूला लांबून धूर दिसला तर सगळेच गेले. नाना मध्येच थांबवून विचारत होते, हात कुठं असतो, चुकलं तर आधी काय दिसतं. चहा दोनदा निवला.

मग ते उठले, नक्षीची पुठ्ठी काढली आणि धुराच्या भोकांवर खळीनं कागद चिकटवू लागले. चादर नव्यानं विणायची होती, सुट्टीचे पाचच दिवस उरले होते. मान वर न करता ते म्हणाले, "ही बी कारागिरीच हाय की. मला ठावं न्हवतं, पोरा."

अण्णानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि त्यांच्या शेजारी बसून पुढचं पुठ्ठं हातात घेतलं.