आईच्या मापाची स्प्रिंग

रस्त्यात उभी गाडी दिसली की बिराजदार सर तिच्या बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवून जोरात दाबायचे आणि हात काढून ती किती वेळ डुलते ते बघत राहायचे. गाडी कोणाची, मालक कुठे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. लातूरला क्लासच्या दारात त्यांनी एका पालकाची चकचकीत गाडी अशी दाबली, तेव्हा तो गृहस्थ तावातावाने भांडायलाच आला. सर म्हणाले, "पुढचे शॉकअप गेलेत तुमचे. पोराचं फिजिक्स मी बघतो, ते तुम्ही बघा." आणि वर्गात निघून गेले.

मी त्याच क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवायचे. गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड लागत होते, खोल्या मिळत नव्हत्या आणि पोरं जिन्यात बसून गणितं सोडवत होती. सरांचे आणि माझे तास लातूरलाही होते आणि नांदेडलाही. माणूस तिरसट. एखाद्याने नुसतं उत्तर सांगितलं की खेकसायचे, "उत्तर आलं म्हंजे गणित सुटलं असं न्हाई!" त्यांनी हैदराबादहून जुनी, दोन दारांची, लाल स्पोर्ट्स कार आणली तेव्हा सगळा स्टाफ हसला. मीही हसले. आमच्या रस्त्यांवर ती जमिनीला पोट घासत जायची आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात पोचवायची.

सरांची आई औशाच्या पलीकडे, गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. भूकंपात घर पडलं, त्यात सरांचे वडील गेले आणि आईच्या पाठीवर दगड आले. तेव्हापासून ती उंचावर चढत नसे. जिना नाही, जीप नाही, एसटी तर नाहीच. आता तिचे पाय बधिर होत चालले होते. चप्पल निघून पडली तरी तिला कळायचं नाही. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, मणक्यात नस दबली आहे, आठवड्याभरात ऑपरेशन केलं नाही तर पाय कायमचे जातील. झोपेचं इंजेक्शन देऊन अँब्युलन्सने आणा, असं कोणीतरी सुचवलं. सर त्याच्या अंगावर धावूनच गेले. "आई हाय ती माझी. गठ्ठा न्हाई उचलून टाकायला!"

म्हातारी फक्त त्या लाल गाडीत बसायला तयार होती. "ही जमिनीला धरून हाय," म्हणाली. पण त्या गाडीचे धक्के तिच्या पाठीला झेपणार नव्हते.

नांदेडला खलीलभाई म्हणून गाड्यांचे शॉकअप-स्प्रिंग बसवणारे उस्ताद होते. गोड बोलायचे. "सर, फिकीर नको. मखमल करून देतो." सरांची अट एकच होती, गाडी बोटभरही उंच व्हायला नको. दोघांनी दुकानातल्या सगळ्या स्प्रिंगा काढून जमिनीवर मांडल्या आणि त्यातल्या सगळ्यात मऊ निवडल्या. आईच्या वजनाइतके टेस्ट पेपरचे गठ्ठे सरांनी पुढच्या सीटवर रचले आणि मला मागे कोंबून गावाबाहेर तरोड्यापर्यंत फिरवून आणलं. दर खड्ड्याला विचारायचे, "लागलं का मॅडम?" मी म्हटलं, "पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय." सर हसले. सरांना हसताना मी तोवर पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईला आणायला गेलो. ती कौतुकाने बसली, पदर सारखा केला. गावची शीव ओलांडली आणि ओढ्यावरच्या एका मोरीवर गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. म्हातारी किंचाळली, "भायेर निघा! समदे भायेर निघा!" आणि चालत्या गाडीचं दार उघडलं. सरांनी ब्रेक मारला म्हणून वाचलो. ती सरपटत बांधापर्यंत गेली आणि दोन्ही मुठींत गवत धरून बसली. सर पांढरेफटक पडले होते. ते तिच्याजवळ मातीत बसले.

"आई, लई लागलं का?"

"आरं शिवा, धक्का सोसते मी. बैलगाडीत जन्म गेला माझा. ह्ये डुलणं न्हाई सोसत. त्या राती असंच डुललं व्हतं."

सरांनी तिच्या पायांवरची माती झटकली. मग मला म्हणाले, "वर्गात घसा फोडून ह्येच सांगतो मी. हाललं की थांबलं पायजे. आन् आईलाच विचारायचं राहिलं."

हातात दोनच दिवस उरले होते. खलीलभाई या वेळी ऐकेनात. "सर, कडक शॉकअप टाकला तर दणका पाठीत बसंल. उद्या काय झालं तर मी तोंड कसं दाखवू?" सर म्हणाले, "थोडा बसू द्या. पण गाडी एकदा वर आली की गुमान बसली पायजे." स्प्रिंग मधल्या ताकदीची घेतली, शॉकअप तिचा नाच मोडेल असा कडक. मला मात्र धाकधूक होती. दणक्याने उरलीसुरली नस गेली तर हा माणूस स्वतःला कधी माफ करणार नाही, हे मला दिसत होतं.

म्हातारी एका अटीवर बसली. "म्या थांब म्हणलं की थांबायचं." चाकूरपर्यंत तिने चारदा थांबवलं. सर दर वेळी निमूट थांबले. क्लासला मिनिटभर उशीर झाला की ओरडणारा हा माणूस! अहमदपूर गेलं. लोह्याच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. सर अगदी हळू जात होते, तरी पुढचं चाक खड्ड्यात आदळलंच. दणका बसला. म्हातारीने सरांचं मनगट धरलं. ती पुन्हा दार उघडेल म्हणून मी मागून कडी धरायला हात नेला. गाडी वर आली आणि तिथेच थांबली.

म्हातारी वाट बघत राहिली. आणखी काही हलेना.

"हं," ती म्हणाली. "चाल."

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी चादर वर केली आणि सरांना बाहेर जायला सांगितलं. सर गेले नाहीत. खाटेचा दांडा धरून उभे राहिले. डॉक्टरांनी तळव्याला सुई टोचली. काहीच नाही. त्यांनी जरा वर, घोट्याजवळ टोचली.

म्हातारीने डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. इतक्या घाणेरड्या शिव्या मी उभ्या मराठवाड्यात ऐकल्या नव्हत्या. डॉक्टर ओशाळून सुई बाजूला ठेवू लागले.

सर आता नाहीत. पण त्या खोलीतला त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. डोळ्यांतलं पाणी न पुसता ते डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, आनखी एकदा टोचा की."